‘द हॉन्टिंग ऑफ ब्लाय मॅनर’: भूतकथा की प्रेमकथा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माइक फ्लॅनगन यांची ही नऊ भागांची मालिका ९ ऑक्टोबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आली. तेव्हापासून तिच्याबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ‘म्हणावी तशी भीती वाटली नाही’. दुसरी, ‘शेवटी एवढं रडू का आलं?’ मला वाटतं, या दोन्हींचं मूळ एकच आहे. माणसावर प्रेम करणं आणि माणूस ताब्यात ठेवणं यांतला फरक दाखवायला ही मालिका भुतांना कामाला लावते, आणि तो फरक एकदा दिसला की भीती आणि दुःख वेगळं काढता येत नाही. पुढे शेवटासकट सगळं उघड केलं आहे. मालिका पाहायची असेल तर आधी पाहून या.

गॉथिक भूतकथा म्हणजे नेमकी कोणती?

एक मोठं, जुनं घर. त्यात बाहेरून आलेली एक व्यक्ती, बहुतेक वेळा तरुण बाई. घराचा मालक काहीतरी लपवतोय, एखादी खोली किंवा अख्खा भाग बंद आहे, आणि आधीच्या पिढीचं एखादं पाप अजून फिटलेलं नाही. होरेस वॉलपोलच्या १७६४ च्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून हा साचा चालत आला. अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये (१७९४) नायिका किल्ल्यात अडकते आणि तिचा प्रियकर दूर राहतो. १८४७ च्या ‘जेन एअर’मध्ये तर ज्याच्यावर प्रेम जडतं त्याच्याच घराच्या माळ्यावर गुपित कोंडलेलं असतं. म्हणजे भयकथेत प्रेमप्रकरण टीव्हीवाल्यांनी घुसवलं असं म्हणता येत नाही. ते पहिल्यापासून तिथेच होतं.

मग टीव्हीने त्यात वेगळं काय केलं?

वेळ दिला. दोन तासांच्या सिनेमात भूत दिसतं, आपण दचकतो आणि घरी जातो. मालिकेत तेच भूत आठवडे, कधी वर्षं आपल्या घरात येत राहतं. इतकी ओळख झाल्यावर निव्वळ घाबरणं जमत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं. एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात ‘डार्क शॅडोज’ नावाची मालिका चालली. सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या वेळेला, एकूण १२२५ भाग. निर्माते होते डॅन कर्टिस. सुरुवातीला तिच्यात भूतबीत काही नव्हतं. व्हिक्टोरिया विंटर्स नावाची तरुणी मेन राज्यातल्या कॉलिनवुड या वाड्यात एका मुलाला शिकवायला येते, एवढंच. प्रेक्षक मिळेनात, म्हणून भूत आणलं. १९६७ मध्ये साखळदंडांनी बांधलेल्या शवपेटीतून बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू बाहेर आला. जोनाथन फ्रिडने रंगवलेलं हे पात्र थोड्या दिवसांसाठीच होतं, पण ते मालिकेचा चेहराच होऊन बसलं.

बार्नबस काय करतो ते पाहा. मॅगी इव्हान्स नावाच्या मुलीला तो पळवून आणतो आणि आपल्या कधीच गेलेल्या प्रेयसीच्या, जोसेटच्या खोलीत ठेवतो. तिला जोसेटचे कपडे घालतो, जोसेटची संगीतपेटी ऐकवत राहतो. हेतू एकच, मॅगीने स्वतःला विसरावं आणि जोसेट व्हावं. हे किळसवाणं आहे आणि मालिका ते तसंच दाखवते. पण पुढे कथा १७९५ मध्ये जाते, जोसेट कशी गेली आणि अँजेलिक नावाच्या चेटकिणीच्या शापाने बार्नबसची काय गत झाली ते उलगडतं, आणि ज्याची धास्ती होती त्याच्यासाठीच प्रेक्षक हळहळायला लागतात. शाळा सुटल्यावर पोरं ही मालिका पाहायला धावत घरी जात, अशी आठवण त्या पिढीतले कितीतरी अमेरिकन सांगतात.

१९६८-६९ मध्ये याच मालिकेत क्वेंटिन कॉलिन्सचं भूत दोन लहान मुलांना झपाटतं. ते कथानक सरळ लेखक हेन्री जेम्सच्या एका भूतकथेवरून घेतलेलं होतं, आणि ब्लाय मॅनरचा पायाही तोच आहे.

ब्लाय मॅनरची गोष्ट थोडक्यात काय आहे?

साल १९८७. डॅनी क्लेटन (व्हिक्टोरिया पेड्रेटी) ही अमेरिकन शिक्षिका इंग्लंडमधल्या एका मोठ्या घरात फ्लोरा आणि माइल्स या अनाथ बहीणभावंडांना सांभाळायला येते. घराची व्यवस्था पाहणारी हॅना ग्रोस, स्वयंपाकी ओवेन शर्मा आणि बागेचं काम करणारी जेमी एवढीच मोठी माणसं तिथे आहेत. काका हेन्री विनग्रेव्ह लंडनहून हलत नाही. आधीची शिक्षिका रेबेका जेसल तळ्यात बुडून मेली. हेन्रीचा माणूस पीटर क्विंट बेपत्ता आहे. ही सगळी हकीकत २००७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका लग्नाच्या आदल्या रात्री, एक प्रौढ बाई पाहुण्यांना सांगते आहे.

मूळ पुस्तकात प्रेमकथा आहे का?

आहे, पण दाबून ठेवलेली. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा १८९८ सालची. तिच्यातल्या शिक्षिकेला नावसुद्धा नाही. मुलांच्या काकाला ती दोनदाच भेटते, त्याच्यावर भाळते, आणि ‘मला काही कळवायचं नाही, त्रास द्यायचा नाही’ या त्याच्या अटीवर नोकरी धरते. मग तिला मनोऱ्यावर क्विंट दिसतो, तळ्यापलीकडे मिस जेसल दिसते. ही भुतं खरी की तिच्या मनाचे खेळ, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. एडमंड विल्सन या समीक्षकाने १९३४ मध्ये ठामपणे मांडलं की भुतं तिच्या कोंडलेल्या इच्छांतून आली आहेत. कथेच्या शेवटी माइल्स तिच्या मिठीत मरतो.

या कथेवर टीव्हीचा डोळा फार आधीपासून होता. १९५९ मध्येच इनग्रिड बर्गमनने अमेरिकन टीव्हीवर ही शिक्षिका साकारली आणि त्यासाठी तिला एमी पुरस्कार मिळाला. फ्लॅनगन यांनी मात्र वाद बाजूला ठेवला. त्यांच्याकडे भुतं खरी आहेत, प्रश्नच नाही. आणि कोंडलेली इच्छा त्यांनी मोकळी करून डॅनी आणि जेमी यांच्या प्रेमात आणली. शिवाय जेम्सच्या इतरही कथा त्यांनी वापरल्या. भागांची नावं पाहिली तर कळेल, नऊच्या नऊ नावं जेम्सच्या कथांची आहेत.

पण मला भीतीच वाटली नाही. माझं काही चुकलं का?

नाही. फ्लॅनगन यांची आधीची ‘हिल हाउस’ पाहून आलेल्यांना हे जाणवतंच. दचकवणारे प्रसंग इथे कमी आहेत. त्याऐवजी घराच्या कोपऱ्यात, जिन्याच्या आड, दाराच्या मागे न हलणाऱ्या आकृत्या उभ्या असतात, आणि त्या दाखवायला कॅमेरा थांबत नाही की संगीत वाढत नाही. पुन्हा पाहताना त्या सापडतात आणि मग अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट. इथली भीती बहुतेकदा काळजीच्या पोटातून आलेली असते, फक्त ते उशिरा कळतं. पहिल्या भागात मुलं डॅनीला कपाटात कोंडतात. ती बाहेर येते तेव्हा जमिनीवर चिखलाच्या पावलांचे ठसे असतात. पाहताना वाटतं, किती दुष्ट पोरं ही. पुढे समजतं की रात्री तळ्यातून एक बाई घरात चालत येते, आणि तिच्या वाटेत जो येतो तो वाचत नाही. डॅनी त्या वाटेत येऊ नये म्हणून कोंडलं होतं. फ्लोराच्या बाहुल्यांच्या घरातली ती एक बाहुली, जी कोणी हलवलेली तिला चालत नाही, तीही याच कारणासाठी.

डॅनीला आरशात दिसणारा माणूसही असाच. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे, लखलखते गोल. चौथ्या भागात उलगडा होतो. तो तिचा होणारा नवरा एडमंड. लहानपणापासूनचा मित्र, त्याच्या घरच्यांचाही तिच्यावर जीव. लग्नाला नकार देताना तिने गाडीत त्याला खरं सांगितलं, तो तिरीमिरीत खाली उतरला आणि ट्रकने त्याला उडवलं. ते लखलखते गोल म्हणजे त्याच्या चष्म्यावर पडलेला ट्रकच्या दिव्यांचा उजेड. तिच्या अपराधी भावनेने तो क्षण तसाच गोठवून ठेवलाय. एडमंड तिला कधी काहीच करत नाही. नुसता उभा राहतो, आणि ती दुसऱ्या कुणाच्या जवळ गेली की खांद्यावर हात ठेवतो.

पीटर आणि रेबेका यांचंही एकमेकांवर प्रेम होतंच ना?

होतं, आणि मालिका ते नाकारत नाही. त्यांचा सहवास सुंदरच दाखवला आहे. रेबेका वकील व्हायला आलेली हुशार मुलगी, क्विंट घरातच लाथाडला गेलेला, गोड बोलणारा, हेवा पोटात ठेवून जगणारा माणूस. चोरीच्या पैशावर दोघांनी अमेरिकेला जायचं ठरतं. त्याआधीच तळ्यातली बाई क्विंटला मारते आणि त्याचं भूत त्या घराच्या हद्दीत अडकून पडतं.

आता ज्या प्रसंगावर सगळी मालिका उभी आहे तो. क्विंट रेबेकाला म्हणतो, मला तुझ्या अंगात येऊ दे, म्हणजे आपण कायमचे एकत्र. ती त्याच्या भरवशावर हो म्हणते. तो तिच्या शरीरात शिरतो, तिला तळ्यात चालवत नेतो, आणि ऐन बुडताना बाहेर निघून जातो. मरण्याची वेदना एकट्या तिच्या वाट्याला येते. मग ती काठावर उभी राहून आपलंच प्रेत पाण्यावर तरंगताना बघते. प्रेमाची भाषा शाबूत ठेवून केलेला हा खून आहे. गोड बोलून माणसाला त्याच्या आयुष्यातून उठवणारे लोक ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हा प्रसंग कुठल्याही किंकाळीपेक्षा जास्त लागतो.

शेवटच्या भागात हीच कृती पुन्हा येते, पण उलटी. तळ्यातली बाई छोट्या फ्लोराला पाण्यात घेऊन चालली आहे. रेबेका फ्लोराला सांगते, मला आत येऊ दे, बुडण्याचा त्रास मी सोसते, तुला काही कळणार नाही. एकाने स्वतःसाठी दुसऱ्याचं शरीर घेतलं, दुसरी मुलीचं दुखणं अंगावर घ्यायला तयार झाली. झपाटणं तेच, नियम तेच. माझ्या मते भय आणि प्रेम एकजीव करण्याचं याहून नेमकं उदाहरण अलीकडच्या टीव्हीवर नाही.

पाचव्या भागाचं एवढं कौतुक का होतं?

कारण तो हॅनाचा भाग आहे, आणि टी’निया मिलरने तो अप्रतिम केलाय.

पहिल्या चार भागांत हॅना काहीही खाताना दिसत नाही. कुणी ताट पुढे केलं तर हसून टाळते. भिंतीवर तिला एक तडा दिसतो, तो इतर कुणाला दिसत नाही. पाचव्या भागात ती काळातून घसरायला लागते. एका आठवणीतून दुसऱ्या आठवणीत, आणि दर वेळी परत त्याच स्वयंपाकघरात, जिथे ओवेन पहिल्यांदा नोकरीसाठी मुलाखत द्यायला आला होता. तेच टेबल, तेच प्रश्न, तीच त्याची कोटी. मात्र हळूहळू समोरचा ओवेन न ठरलेलं बोलायला लागतो, तिला खरं पाहायला भाग पाडतो. खरं हे की डॅनी घरी आली त्याच दिवशी, तिच्या येण्याच्या थोडंसं आधी, माइल्सच्या अंगात आलेल्या क्विंटने हॅनाला विहिरीत ढकललं. भिंतीवरचा तडा म्हणजे विहिरीच्या आतून, मरताना शेवटचं दिसलेलं काहीतरी.

इथे भूत होणं म्हणजे काय, तर आपण मेलोय हे मान्य न करणं. आणि हॅना मान्य करत नाही, कारण ओवेनला अजून ‘हो’ म्हणायचं राहिलंय. तो तिला पॅरिसला चल म्हणतो. तिच्या मनात हो असतं. रुढ भयपटात ‘ती तर आधीच मेली होती’ हा धक्का असतो आणि धक्क्यावरच गोष्ट थांबते. इथे त्या धक्क्यानंतर चार भाग शिल्लक राहतात, आणि आपण ओवेनला तिच्याकडे पाहताना बघत राहतो. त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. ओवेनच्या भूमिकेत भारतीय वंशाचा ब्रिटिश अभिनेता राहुल कोहली आहे. आईच्या स्मृतिभ्रंशाविषयी तो शेकोटीपाशी बोलतो ते फार संयमाने केलेलं काम आहे.

आठवा भाग कृष्णधवल आणि वेगळा का आहे?

तो तळ्यातल्या बाईचा इतिहास आहे, म्हणजे सतराव्या शतकातला. आधार जेम्सच्या १८६८ च्या ‘द रोमान्स ऑफ सर्टन ओल्ड क्लोद्स’ या कथेचा. व्हायोला या घराची मालकीण. तिला फुप्फुसाचा दुर्धर आजार होतो, पण मरायला ती साफ नकार देते. धर्मगुरू शेवटची प्रार्थना म्हणायला आला तरी त्याने सांगितलेले शब्द उच्चारत नाही. वर्षानुवर्षं सेवा करून पिचलेली बहीण पर्डिटा अखेर तिच्या तोंडावर उशी दाबते. आपले उंची कपडे आणि दागिने व्हायोलाने मुलीसाठी पेटीत ठेवलेले असतात. ती पेटी पर्डिटा उघडते आणि आतून आलेले हात तिचा गळा आवळतात. घाबरलेला नवरा पेटी तळ्यात टाकतो आणि मुलीला घेऊन निघून जातो.

आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की घरातले विचारतात, काय राहिलं असेल तिच्या मनात? मग कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, ‘पोरीची काळजी करू नका, आम्ही आहोत.’ व्हायोलाला असं सांगणारं कुणी उरलंच नाही. रोज रात्री ती तळ्यातून उठते, मुलीच्या पलंगापर्यंत चालत जाते, पलंग रिकामा दिसतो, परत जाते. हळूहळू ती मुलीचं नाव विसरते, मग मुलगी, मग स्वतःला. नाक-डोळे विरघळून चेहरा गुळगुळीत होतो. उरते फक्त चालायची सवय आणि वाटेत आलेल्याचा गळा धरण्याचा राग. एकदा पलंगावर कुणाचा तरी लहान मुलगा झोपलेला असतो, त्यालाच आपलं लेकरू समजून ती पाण्यात घेऊन जाते. या मालिकेतलं सर्वांत भयंकर काय विचारलंत तर मी हेच सांगेन: प्रेम ज्याच्यावर होतं तो माणूस विसरून गेला, धरून ठेवणं मात्र राहिलं.

काहींना हा भाग रेंगाळलेला वाटतो. मला तो नवव्या भागाआधी हवाच होता, कारण त्याशिवाय डॅनी कोणाला स्वतःच्या आत घेते हे कळलंच नसतं.

शेवटी डॅनी असं का करते? आणि दोन बायकांच्या प्रेमकथेचा शेवट पुन्हा मृत्यूनेच का?

फ्लोराला वाचवायला डॅनी व्हायोलाला स्वतःच्या शरीरात बोलावते. म्हणजे झपाटण्याची तिसरी तऱ्हा, जाणूनबुजून दिलेला आसरा. घरातली अडकलेली भुतं सुटतात, मुलं वाचतात. डॅनी आणि जेमी अमेरिकेत व्हरमाँटला जातात, फुलांचं दुकान काढतात, दशकाहून जास्त काळ सुखाने राहतात. व्हरमाँटने २००० मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर नोंदणी दिली, त्याचा धागाही कथेत आहे. पण पाण्यात पाहिलं की डॅनीला दुसराच चेहरा दिसतो. एका रात्री ती जागी होते तेव्हा तिचा हात झोपलेल्या जेमीच्या गळ्याजवळ असतो. त्याच पहाटे ती एकटी निघते आणि ब्लायच्या तळ्यात जाते. जेमी मागोमाग जाऊन पाण्यात उतरते, मलाही ने म्हणते. डॅनी नेत नाही. क्विंटने जे केलं ते ती करत नाही.

दुसऱ्या प्रश्नातली तक्रार रास्त आहे. पडद्यावर समलिंगी जोडप्यांच्या वाट्याला मरण फार वेळा येतं, आणि ज्यांनी ते आयुष्यभर पाहिलंय त्यांना ‘कथेची गरज होती’ म्हणून गप्प करू नये. तरी इतकं नोंदवेन की इथे मरण ही त्यांच्या प्रेमाची शिक्षा नाही. आणि त्या दोघींचा संसार, भांडी घासण्यापासून अंगठीपर्यंत, मालिकेने वेळ देऊन दाखवलाय.

आधी ‘हिल हाउस’ पाहावी लागेल का?

गरज नाही. ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ (२०१८, दहा भाग) ही शर्ली जॅक्सनच्या १९५९ च्या कादंबरीवरून घेतलेली स्वतंत्र कथा आहे. काही कलाकार तेच आहेत, पात्रं वेगळी. तिथे विषय भावंडांचा आणि आईवडिलांचा आहे, प्रेमकथा दुय्यम.

मराठीत असं काही झालंय का?

झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ अर्थात. २०१६ मध्ये आलेलं पहिलं पर्व वाड्याचं, नाईकांच्या कुटुंबाचं आणि संशयाचं होतं. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं घर, अंगण, मालवणी बोली, सगळं गॉथिकच्या साच्यात चपखल बसणारं. २०१९ चं दुसरं पर्व मागच्या काळात गेलं आणि अण्णा नाईक (माधव अभ्यंकर) व शेवंता (अपूर्वा नेमळेकर) यांच्या प्रकरणाभोवती फिरलं. क्रूर, विवाहित माणसाच्या आकर्षणाकडे अवघा महाराष्ट्र रोज रात्री खेचला गेला. ‘डार्क शॅडोज’ने बार्नबसच्या बाबतीत जे साधलं त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे: दुष्ट माणसाच्या मागच्या काळात शिरायचं आणि प्रेक्षकाला त्याच्यात गुंतवायचं. फरक इतकाच वाटतो की अण्णांच्या वासनेची किंमत त्यांच्या बायकोने, माईंनी, आणि मुलांनी कशी मोजली, यावर आणखी वेळ द्यायला हवा होता. तिथे खरी भयकथा होती.

मुलांबरोबर पाहता येईल का? आणि कशी पाहावी?

लहान मुलांबरोबर नको. रक्तपात कमी आहे, पण बुडण्याचे आणि गळा आवळण्याचे प्रसंग अंगावर येतात, आणि मुलांच्याच अंगात भुतं येतात. नुकतंच घरात कुणी गेलं असेल किंवा घरात स्मृतिभ्रंशाचं आजारपण असेल तर पाचवा भाग जड जाऊ शकतो.

दिवसाला एक-दोन भाग पुरेत, फक्त आठवा आणि नववा सलग पाहा. कथा सांगणाऱ्या बाईचं पहिल्या भागातलं निवेदन (आवाज कार्ला गुजिनोचा) लक्ष देऊन ऐका, ती जेमी आहे हे कळल्यावर त्यातल्या बऱ्याच वाक्यांचा अर्थ बदलतो. आणि मालिका संपली की पहिला भाग लगेच पुन्हा लावा, निदान हॅनाची ओळख होते तो विहिरीजवळचा प्रसंग तरी.